निवृत्तीनंतर मोटरहोमने पुणे ते तंजावर: रोजचं कसं जमतं, यावर हा धागा

वाटसरू_सहकारनगर
मंडळी, पासष्टीनंतर मोटरहोमने, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीने, लांबचा प्रवास आपल्याकडे जमण्यासारखा आहे का, असं परत आल्यापासून इतक्या जणांनी विचारलंय की प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं म्हटलं. जमतं. पण त्यासाठी दिवसाला किती किलोमीटर हा हिशोब आधी डोक्यातून काढून टाकावा लागतो. आमच्या अख्ख्या प्रवासाचं सार मला विचाराल तर हेच: गाडी लहान घ्या, थोडं थोडं अंतर कापा, आणि जिथे थांबाल तिथे भरपूर थांबा.

आम्ही दोघंही निवृत्त. मी शाळेत होते, हे वीज खात्यात. दत्तजयंती करून पुण्यातून निघालो आणि पाडव्याच्या आधी घरी आलो. जाताना सोलापूर, विजापूर, बदामी, हंपी, होदिगेरे, वेल्लोर, जिंजी, तंजावर, रामेश्वर. येताना कन्याकुमारी, केरळचा किनारा, उडुपी, गोकर्ण, आंबोली, कोल्हापूर.

गाडी फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेली, त्यातल्या लहान लांबीची. आत दोघांचा कायमचा पलंग. रोज उघडमीट करायचा सोफा-कम-बेड आम्ही मुद्दाम घेतला नाही. रात्री कंबर धरलेली असताना गाद्या ओढत बसायची ताकद राहत नाही. एक ओटा, सिंक, बॅटरीवर चालणारा ४५ लिटरचा फ्रीज, १०० लिटरची पाण्याची टाकी, टपावर सोलर, आणि मागच्या बाजूला दार लागेल असं संडास-बाथरूम.

या शेवटच्या गोष्टीसाठीच खरं तर मी मोटरहोमला हो म्हटलं. बायकांना हे समजावून सांगायला नको. उभा जन्म एसटीने आणि गाडीने फिरताना 'पुढच्या हॉटेलपर्यंत दम धर' हे ऐकलंय, पाणी कमी पिऊन प्रवास केलाय आणि त्याचे परिणाम भोगलेत. आता गुडघ्यांमुळे उकिडवं बसता येत नाही, म्हणजे पेट्रोल पंपावरचं किंवा धर्मशाळेतलं भारतीय पद्धतीचं संडास आमच्या दोघांच्याही कामाचं नाही. स्वतःचा स्वच्छ कमोड दहा पावलांवर आहे, एवढ्या एका गोष्टीने माझा प्रवासाकडे बघण्याचा दृष्टिकोन बदलला. मी पोटभर पाणी प्यायला लागले.

रोजचा नेम असा: सकाळचा चहा-नाश्ता, औषधं, आवराआवर झाल्यावर निघायचं. शंभर-दीडशे किलोमीटरच्या वर जायचं नाही, आणि दुपारी तीनच्या आत गाडी मुक्कामाला लागलीच पाहिजे. उजेडात जागा नीट बघता येते. जमीन कुठे उतरती आहे, वर वायर लोंबतेय का, झाडाची फांदी टपावरच्या पॅनेलला लागेल का, शेजारी कोण राहतं, पाणी कुठे भरता येईल. अंधारात पोचलेला माणूस मिळेल ती जागा पत्करतो. आणि एकदा गाडी लागली की त्या गावात चार दिवस, सहा दिवस, मन भरेपर्यंत. रोज मुक्काम हलवला तर आठवड्यात माणूस थकतो आणि मग घराची ओढ लागते.

दुसरी अट माझ्या मैत्रिणींसाठी. गाडी दोघांनाही चालवता यायला हवी. मी स्कूटर आणि लहान गाडी चालवत होते, पण एवढी उंच गाडी कधी चालवली नव्हती. निघायच्या आधी रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर फक्त रिव्हर्स आणि वळणं यांचा सराव केला. कागदोपत्रीही अडचण नाही. ७५०० किलोच्या आतल्या अशा गाडीला आपलं नेहमीचं हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं. फक्त पंचावन्न उलटल्यावर लायसन्स पाच पाच वर्षांचंच मिळतं आणि नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतो, तेव्हा निघायच्या आधी दोघांच्या तारखा बघून घ्या. उद्या परगावी यांना ताप भरला तर स्टिअरिंग कोण धरणार, हा प्रश्न नवऱ्याच्या भरवशावर सोडण्यासारखा नाही.

विचारा काय विचारायचं ते. जमेल तसं उत्तर देईन.

कोथरूडकर
ताई, मनापासून लिहिलंय. एक रोखठोक प्रश्न. आपली साधी कार आणि चांगली हॉटेलं, हे याच्यापेक्षा स्वस्त पडत नाही का?

वाटसरू_सहकारनगर
पडतं. वर्षातून दोन-तीन आठवडे फिरणार असाल तर मोटरहोम विकत घेऊच नका, पैसे अडकून पडतात आणि गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहते. (सोसायटीत एवढी गाडी लावू देतात का, हे तर सगळ्यात आधी विचारा. आमची नातेवाइकांच्या वारज्याच्या प्लॉटवर असते.) आम्हाला दर हिवाळा बाहेर काढायचा आहे, म्हणून घेतली.

आणि पैशाच्या पलीकडचं एक कारण. यांना बरीच वर्षं मधुमेह आहे. हॉटेलचं तेल, मैदा, रात्री साडेनऊला येणारं जेवण, हे चार दिवसांच्या पुढे सोसत नाही. माझ्या ओट्यावर सकाळी नाचणीची आंबील, दुपारी भाकरी किंवा फुलका, एक पालेभाजी, संध्याकाळी सात वाजता मुगाची खिचडी. बाजार मात्र रोज त्या त्या गावचा. विजापूरला ज्वारी घेतली, तंजावरला केळफूल आणि कोवळी केळी, किनाऱ्याला ओला नारळ. तीन महिन्यांनी परत आल्यावर यांची साखर जाण्याआधीपेक्षा बरी होती.

ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांनी आधी भाड्याने घेऊन बघा. पुण्या-मुंबईत भाड्याने देणारे आहेत. आपल्या राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन (म्हणजे मोटरहोमच) पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी आणलं, त्यामुळे हा प्रकार आता पूर्वीइतका अनोळखी राहिलेला नाही.

चाकवाला_चिंचवड
या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून चार गोष्टी कळकळीने सांगतो. ताईंनी आरामाचं लिहिलं, मी कागद आणि वजन यावर लिहितो.

जुनी ट्रॅव्हलर घ्यायची आणि ओळखीच्या सुताराकडून आत पलंग-ओटा ठोकून घ्यायचा, असा विचार बरेच जण करतात. करू नका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ वाचा. आरसी बुकावर जे लिहिलंय त्याच्याशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. गाडी आरटीओत कॅरॅव्हॅन म्हणूनच चढलेली पाहिजे आणि विम्याच्या पॉलिसीतही तसंच दिसलं पाहिजे. नाहीतर अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिलं बोट तिथेच ठेवतो आणि दावा अडकतो. ज्यांच्याकडून बांधून घ्याल त्यांना मंजुरीचे कागद आधी मागा. कागद दाखवायला जो कां कूं करतो, त्याला ॲडव्हान्स देऊ नका.

दुसरं वजन. पाण्याची १०० लिटरची टाकी म्हणजे सरळ १०० किलो. बॅटऱ्या, प्लायवूड, गाद्या, भांडी, दोन माणसं, स्टेपनी, धान्य, पुस्तकं, सगळं धरून गाडी भरा आणि निघायच्या आदल्या दिवशी वजनकाट्यावर चढवा. हायवेला ट्रकवाल्यांचे काटे असतात, थोडक्या पैशात पावती मिळते. पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगळा काटा करून घ्या. बऱ्याच गाड्यांत पाणी, संडास, बॅटरी सगळं मागे कोंबलेलं असतं. मग मागचे टायर तापतात आणि घाटात ब्रेकवर ताण येतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी शिल्लक दिसली तरी जुनाट टायरवर हा प्रवास करू नका.

तिसरं गॅस. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच आणि गॅसचा अलार्मही खालीच लावायचा, वर छताला नाही. झोपताना रेग्युलेटर बंद.

वाटसरू_सहकारनगर
दादा, फार मोलाचं लिहिलंत. वजनकाट्याचा सल्ला प्रत्येकाने पाळावा. आमच्या गाडीत आम्ही गॅस ठेवलाच नाही, सगळं इंडक्शनवर. विजेचा हिशोब यांनीच केलाय, त्यांनाच लिहायला बसवते.

वाटसरू_सहकारनगर
हिच्या खात्यावरून लिहितो आहे.

लोक सोलर किती लावायचं इथून सुरुवात करतात. आधी रोजची खपत मांडा. आमच्या गाडीत फ्रीज दिवसाला साधारण अर्धा युनिट खातो. ३० वॉटचा पंखा रात्रभर म्हणजे पाव युनिटच्या आसपास, उकाड्यावर अवलंबून. दिवे, मोबाइल, पाण्याचा पंप मिळून थोडंसं. इंडक्शनवर दोन वेळचा माफक स्वयंपाक केला तर एक युनिट. म्हणजे रोज दोन, सव्वादोन युनिट. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, २०० अँपिअर-तास, तिच्यात पूर्ण भरल्यावर सुमारे अडीच युनिट मावतात. टपावरच्या ४०० वॉटच्या पॅनेलमधून हिवाळ्यातल्या स्वच्छ उन्हात दीड युनिटच्या आसपास मिळतं. उरलेली तूट गाडी चालताना अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या जनित्रावरून, भरून निघते, पण त्यासाठी मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवा. इंजिनच्या बॅटरीला थेट वायर जोडून चालवू नये.

एसीबद्दल सगळे विचारतात. लहानात लहान एसीसुद्धा रात्रभरात चार-पाच युनिट घेतो. बॅटरीवर तो चालवायचा तर बॅटरीचा आकार, वजन आणि किंमत तिप्पट होते. आम्ही एसी ठेवला आहे, पण बाहेरून १६ अँपिअरच्या सॉकेटला जोडल्यावरच लावतो. दुसऱ्याच्या सॉकेटला लावण्याआधी अर्थिंग तपासायचा टेस्टर जवळ ठेवा. पत्र्याची गाडी आहे, अर्थिंग नसेल तर ओल्या पायाने दाराला हात लावणं जिवावर बेतू शकतं. हे मी नोकरीतल्या अनुभवावरून अगदी निक्षून सांगतो.

डॉक्टर_बाणेर
काकांच्या साखरेचं वाचून आनंद झाला. इन्शुलिन घेणाऱ्यांसाठी: न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशात ठेवायचं, गोठवायचं नाही. गाडीतले लहान फ्रीज तळाशी जास्त गार होतात, म्हणून आत छोटा थर्मामीटर ठेवा आणि औषध वरच्या कप्प्यात. वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत चारेक आठवडे साध्या तापमानाला चालतं, पण उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ते काही तासांत वाया जाईल.

बाकी दर दीड तासाने उतरून पाच मिनिटं चाला. पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका बसून राहिल्याने वाढतो. औषधांची नावं ब्रँडऐवजी मूळ घटकांच्या नावाने लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या राज्यातला औषधवाला गोंधळत नाही. आणि जुना ईसीजी सोबत असू द्या. छातीत दुखलं तर तिथल्या डॉक्टरला तुलना करायला तो फार उपयोगी पडतो.

शंका_फार
सगळं पटलं, पण रात्री कुठे थांबता? परदेशात मोटरहोमसाठी वेगळी मैदानं असतात, आपल्याकडे काय? दोन वयस्कर माणसं, अनोळखी मुलूख. वाचतानाच धाकधूक होते.

वाटसरू_सहकारनगर
तुमची धाकधूक रास्त आहे, मुलांनीही हेच विचारलं होतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निर्जन जागी आम्ही एकदाही मुक्काम केला नाही. तळ्याकाठी एकटीच गाडी आणि वर चांदणं, असे फोटो सगळीकडे दिसतात. आमच्या वयाला ते नको. आम्ही माणसांत थांबतो. देवस्थानाचं भक्तनिवास, मठ, मंगल कार्यालयाचं आवार, हमरस्त्यावरचा मोठा पेट्रोल पंप, एखादं कुटुंब चालवत असलेलं लॉज. भक्तनिवासात किंवा लॉजवर सगळ्यात स्वस्त खोली घ्यायची आणि झोपायचं आपल्या गाडीत. खोलीच्या निमित्ताने नोंद होते, आधार कार्ड दाखवलं जातं, कपडे धुता येतात, बॅटरी चार्ज होते आणि रखवालदाराची नजर राहते. पंपावर मात्र मालकाला किंवा मॅनेजरला भेटून विचारायचं, परस्पर गाडी लावायची नाही. टाकी तिथेच भरायची. सकाळी निघताना जागा झाडून द्यायची. आम्ही केरसुणी बाहेरच्याच खणात ठेवतो.

जंगलातल्या रस्त्यांची वेळ आधी बघून ठेवा. उदाहरणार्थ बंदीपूरमधून जाणारा रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो आणि मधे थांबायला तर दिवसाही परवानगी नाही.

सांडपाण्याचं भान मात्र प्रत्येकाने ठेवलंच पाहिजे. भांड्याचं पाणी आम्ही वेगळ्या टाकीत साठवतो आणि विचारून गटारात सोडतो. संडासाची कॅसेट सुटी निघते, पेटीसारखी हातात धरून न्यायची आणि फ्लशच्या संडासात रिकामी करायची. हे काम यांनी रोज सकाळी न कुरकुरता केलं. शेतात, ओढ्यात, रस्त्याकडेला ती ओतणारे लोक आहेत असं ऐकते, तेव्हा फार वाईट वाटतं. आपल्याला आवारात घेणाऱ्या माणसाच्या विश्वासावर हा सगळा प्रवास चालतो.

बदामीचं सांगते. जवळच बनशंकरीचं देऊळ आहे, आपल्याकडच्या कितीतरी घरांचं कुलदैवत. यंदा शाकंभरी पौर्णिमा जानेवारीच्या सुरुवातीलाच आली, आणि आम्ही यात्रेत सापडलो. देवळाच्या बाजूला जायला जागाच नव्हती. एका शेतकऱ्याने कापणी झालेल्या रानात गाडी लावू दिली. आमच्या एका बाजूला बैलगाडीने आलेलं कुटुंब, दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ताडपत्री बांधून राहिलेले दहा-बारा जण. त्या ट्रॉलीतल्या आजींनी पहिल्याच संध्याकाळी आमच्या दारात उभं राहून ओटा, पलंग, नळ सगळं नीट निरखलं आणि मग सरळ आत येऊन बसल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, मला कानडी येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कडक ज्वारीच्या भाकऱ्यांची चवड आणून दिली, पापडासारख्या पातळ, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि भरल्या वांग्याची भाजी. मी थालीपिठं लावली. रात्री नाटक कंपन्यांचे खेळ चालतात, पहाटेपर्यंत पेटी-तबला ऐकू येतो. एका रात्रीसाठी लावलेली गाडी रथ ओढून झाल्यावरही तिथेच होती.

सगळीकडे असंच झालं असं मी म्हणणार नाही. एका गावात आधी हो म्हणून रात्री दहाला गाडी हलवायला लावली. तेव्हा पोलीस चौकीत जाऊन सांगितलं आणि त्यांच्या समोरच्या मैदानात झोपलो. निघायच्या आधी रोजचा मुक्काम मुलांना कळवायचा आणि लोकेशन चालू ठेवायचं, हा नेम शेवटपर्यंत पाळला.

इतिहासवेडा_४११०३०
धाग्याच्या नावात तंजावर आहे आणि अजून त्यावर चकार शब्द नाही! वाट बघतोय. जिंजीही सांगा, गेल्या वर्षीपासून फार मनात आहे.

वाटसरू_सहकारनगर
तिकडेच येत होते. या प्रवासाचा रस्ताच मुळी त्यासाठी असा आखला. चार दिवसांच्या सहलीत ही ठिकाणं होत नाहीत, म्हणून कित्येक वर्षं राहून गेली होती.

होदिगेरेपासून सांगते, तिथे फार कमी जण वळतात. दावणगेरे जिल्ह्यात चन्नगिरीजवळचं लहान गाव. १६६४ मध्ये शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजांचा अंत झाला, तो तिथे. समाधी साधीच आहे. आम्ही गावातल्या दुकानातून हार घेतला, वाहिला, आणि बराच वेळ बसून राहिलो.

जिंजीला तीन टेकड्या मिळून एक किल्ला आहे. राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रायणदुर्ग. महाराजांनी दक्षिणेच्या मोहिमेत १६७७ मध्ये तो घेतला आणि पुढे त्याच किल्ल्याने स्वराज्य वाचवलं. रायगडाला वेढा पडल्यावर राजाराम महाराज तिथून निसटून जिंजीला पोचले, आणि मोगलांचा वेढा १६९८ पर्यंत रेंगाळला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यातला महाराष्ट्राबाहेरचा हा एकटा. पायथ्याशी उभं राहिल्यावर कळतं की वेढा इतकी वर्षं का चालला. घरांएवढे गोल दगड एकमेकांवर रचल्यासारखे, आणि तिन्ही टेकड्यांना जोडणारी तटबंदी. राजगिरी सुमारे ८०० फूट उंच. यांनी सकाळी लवकर चढायला सुरुवात केली आणि माथा गाठला. मी गुडघ्यांमुळे खालीच कल्याण महालात थांबले. मुक्काम लांब ठेवण्याचा फायदा इथे कळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तिसऱ्या दिवशीही, आणि मी रोज थोडी थोडी वर जाऊन शेवटी निम्म्यापर्यंत पोचले. बसने आलेल्या माणसाला एकच सकाळ मिळते.

आता तंजावर. बृहदीश्वराचं देऊळ राजराजा चोळाने बांधलं, १०१० च्या सुमारास पुरं झालं, त्यावर खूप लिहिलं गेलंय. मी तुम्हाला त्याच्या आवाराच्या नैऋत्येकडच्या भिंतीकडे घेऊन जाते. तिथे १८०३ मध्ये तंजावरच्या गादीवरच्या सरफोजीराजांच्या काळात कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, मराठीत, देवनागरी अक्षरांत. भिंतच्या भिंत भरलीय. ओळी लांबलचक, शब्द एकमेकांना चिकटलेले. आधी नुसती अक्षरं दिसतात, डोळा सरावला की नावं सुटी व्हायला लागतात. आम्ही रोज उन्हं कलल्यावर जायचो, तेव्हा तिरप्या प्रकाशात अक्षरांच्या कडा उठून दिसतात. हात न लावता, बोट हवेत धरून, एक ओळ मी वाचायची आणि यांनी वहीत उतरवायची. तिसऱ्या दिवशी तिथला रखवालदार आला आणि खुणेने विचारलं, वाचता येतंय का. मी मोठ्याने वाचून दाखवलं. तो ऐकत थांबला, मग आणखी दोघांना बोलावून आणलं. पुण्यापासून हजाराहून अधिक किलोमीटरवर, चोळांच्या देवळात, माझ्या शाळेतल्या मुलांना शिकवलेल्या लिपीत मी भोसल्यांची नावं वाचत होते. माझा गळा दाटून आला होता.

सरस्वती महाल ग्रंथालय बघितल्याशिवाय परतू नका. आणि तंजावरहून रामेश्वरकडे जाताना वाटेत ओरतनाडू लागतं, तिथे सरफोजीराजांनी बांधलेलं मुक्तांबाळ छत्र आहे. रामेश्वरच्या यात्रेकरूंना राहायला, जेवायला मिळावं म्हणून या राजांनी त्या वाटेवर अशी छत्रं बांधली. आम्ही आमची चार चाकांची खोली घेऊन त्याच वाटेने चाललो होतो, तर तिथे थांबून दोन मिनिटं हात जोडावेसे वाटले.

डॉक्टर_बाणेर
सरफोजीराजांचं नाव निघालं म्हणून आमच्या व्यवसायातलं सांगतो. त्यांच्या धन्वंतरी महाल या दवाखान्यात डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी आजारी डोळ्याच्या रंगीत चित्रांसकट ठेवल्या जात. दोनशे वर्षांपूर्वीच्या केस पेपरचं इतकं शिस्तीचं काम मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. ग्रंथालयात गेलात तर त्याबद्दल जरूर विचारा.

इतिहासवेडा_४११०३०
ताई, शिलालेखाचं वाचून अंगावर काटा आला. काकांनी वहीत उतरवलेल्या ओळी वेगळ्या धाग्यात द्याल का? इथले मोडी आणि जुनी मराठी जाणणारे हातभार लावतील.

वाटसरू_सहकारनगर
नक्की. टंकायला घेतल्या आहेत.

कोथरूडकर
दत्तजयंतीनंतर निघायचं कसं ठरवलंत? दिवाळी झाली की लगेच हवा छान असते की.

वाटसरू_सहकारनगर
आपल्याकडे छान असते. तमिळनाडूत आपल्या उलट, त्यांचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येकडून येतो आणि वादळंही याच काळात. धनुष्कोडी १९६४ च्या डिसेंबरातल्या वादळातच उद्ध्वस्त झालं. आम्ही तिथे उभे होतो तेव्हा चर्चच्या उरलेल्या भिंती पाहून मला सारखं ते आठवत होतं. म्हणून डिसेंबर कर्नाटकात काढला आणि पोंगल झाल्यावर तमिळनाडूत उतरलो. आणि येताना किनारा फेब्रुवारीअखेर संपवला, त्यानंतर तिथली दमट हवा पत्र्याच्या गाडीत सोसत नाही. धनुष्कोडीला संध्याकाळी थांबू देत नाहीत, सकाळीच जाऊन या.

शंका_फार
टोलचं काय? २०२५ च्या पंधरा ऑगस्टला ३००० रुपयांत सुरू झालेला तो फास्टॅगचा वार्षिक पास घेतलात का?

चाकवाला_चिंचवड
तो पास खाजगी कार, जीप, व्हॅन यांनाच आहे, आणि राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो. तुमची गाडी सरकारच्या 'वाहन' या नोंदणी पोर्टलवर कुठल्या वर्गात चढली आहे त्यावर ठरतं. मिनीबसच्या वर्गात असेल तर पास नाही आणि टोलही कारपेक्षा जास्त. बांधून घेतानाच हे विचारा.

सांगलीकर_पुण्यात
काकू, आईबाबांना वाचून दाखवलं. बाबा तयार आहेत, आई म्हणते एवढ्या मोठ्या गाडीत मला भीती वाटेल. सुरुवात कशी करावी?

वाटसरू_सहकारनगर
आईंना सांगा, भीती मलाही होती, पण ती गाडीची नव्हती, घाटाची होती. म्हणून पहिली फेरी सपाटीवरची करा. भाड्याची गाडी घ्या, सोलापूर रस्त्याने चौफुला, तिथून सुपे आणि मोरगाव. मयूरेश्वराचं दर्शन, तिथे एक रात्र, दुसऱ्या दिवशी दौंडवरून सिद्धटेक, तिथे दुसरी रात्र. घाट नाही, गावं ओळखीची आणि काही अडलं तर दोन तासांत पुणं.

या दोन रात्रींत आईंना तीन गोष्टी स्वतः करू द्या. ओट्यावर पूर्ण स्वयंपाक, रात्री उठून अंधारात संडासला जाऊन येणं, आणि मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ स्टिअरिंग. पलंगावर चढता-उतरताना गुडघा दुखतो का ते बघा, दुखत असेल तर बांधून घेताना पलंगाची उंची कमी करायला सांगता येते. आमच्याकडे पायरीची एक लाकडी पेटी ठेवली आहे, तिच्यात कांदे-बटाटे राहतात.

आणि मे महिन्यात नको. उन्हात उभ्या गाडीचा अनुभव घेऊन आई कायमच्या नाही म्हणतील. दिवाळीनंतर जा, आपल्याकडची हवा तेव्हा उत्तम असते. गाडी ठरवण्याआधी आईंना घेऊन एकदा वारज्याला या, आमची उभीच आहे. आत बसून, ओट्याशी उभं राहून बघू देत. मला आदल्या दिवशी व्यक्तिगत निरोप टाका, चावी यांच्याकडे असते.